परदेशी ईसिम घेतलं, पण इकडच्या नंबराचं काय?

वेताळटेकडी · रविवार, रात्री ९.४०

गेल्या वर्षी एप्रिलअखेर आई-बाबा ताईकडे न्यू जर्सीला गेले. निघण्यापूर्वी महिनाभर घरात एकच विषय, तिकडे नेटचं काय. किती जीबी घ्यायचं, व्हॉट्सॲप चालेल ना, बाबांना सकाळी मराठी बातम्या दिसतील ना. मी रात्री जागून चार कंपन्यांचे दर वहीत मांडले आणि बाबांना एक ईसिम (प्लास्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच बसणारं सिम) घेऊन दिलं. पुढे ताईने दोघांना तिच्या फॅमिली प्लॅनवर घेतलं. आईचा फोन जुना, त्यात ईसिम चालत नाही. म्हणून तिकडचं सिम घालताना "दोन असली की तुझा गोंधळ होतो" असं म्हणून ताईने आईचं पुण्याचं सिम काढलं. आईने ते सेफ्टी पिनांच्या डबीत जपून ठेवलं. इतकं जपून की साडेपाच महिन्यांत एकदाही बाहेर काढलं नाही.

सिम प्रीपेड. पॅक जूनच्या पहिल्या आठवड्यात संपला. दसऱ्यानंतर दोघं मुंबईत सहार विमानतळावर उतरले, गाडीत बसल्या बसल्या सिम घातलं, नेटवर्क नाही. खालापूरच्या फूड मॉलपर्यंत मी तीनदा फोन बंद-चालू केला. आई म्हणाली, "घाटात रेंज नसते, घरी गेल्यावर येईल." घरी गेल्यावरही आली नाही. दुसऱ्या दिवशी मोबाईल कंपनीच्या गॅलरीतल्या मुलाने संगणकात बघून सांगितलं, "काकू, हा नंबर बंद झालाय." २००४ पासूनचा नंबर! तिच्या शाळेतल्या विद्यार्थिनींकडे तोच, गॅसला तोच, आधारला तोच, पेन्शनच्या खात्याला तोच.

त्यापुढचे दोन महिने कसे गेले ते थोडक्यात. नवा नंबर बँकेला कळवायचा तर नेट बँकिंगमध्ये जुन्या नंबरावर ओटीपी जातो. म्हणून शाखेत फॉर्म. पहिला फॉर्म सही जुळत नाही म्हणून परत. (सही २० वर्षांपूर्वीची, आता हात थरथरतो.) आधारला नंबर जोडायला केंद्रात प्रत्यक्ष जाऊन रांग. तोवर एक एफडी मुदत संपून आपोआप पुढच्या वर्षासाठी फिरली, ती मोडायची होती.

या मे महिन्यात दोघं पुन्हा निघालेत. या वेळी मला नंबराची सोय आधी करायची आहे, नेटचं नंतर बघू. नियमित जा-ये करणाऱ्यांनी सांगा, तुम्ही इकडचा नंबर कसा जिवंत ठेवता?

सदाशिव३० · रविवार, रात्री ९.५२

रिचार्ज मारायचा. धागा संपला.

वेताळटेकडी · रविवार, रात्री १०.०५

तेच तर चुकलं ना साहेब. पण नुसता रिचार्ज पुरतो का, हाच प्रश्न आहे. सिम डबीत असताना रिचार्ज मारून ओटीपी डबीतच येणार.

बाणेर_ते_बर्लिन · रविवार, रात्री ११.१८

वर्षातून तीनदा जर्मनी होते, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी नियम. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानुसार प्रीपेड नंबरावरून ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा काहीच वापरलं गेलं नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदतवाढ मिळते. बंद झाल्यावरही १५ दिवसांत गाठलंत तर तोच नंबर परत मिळतो. तुमच्या आईंच्या बाबतीत हे सगळं बहुधा त्या पिनांच्या डबीशेजारीच उलटून गेलं. पण लोक एक गल्लत करतात. २० रुपयांनी नंबर दुसऱ्याला जात नाही, एवढंच. पॅकची मुदत संपली की इनकमिंग बंद पडतं, म्हणजे ओटीपी येतच नाही. ओटीपी हवा असेल तर चालू पॅक हवा.

तो आता पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. वर्षभराचा पॅक अठराशे-साडेअठराशेच्या आसपास मिळतो. तिकडे इकडचा डेटा वापरायचाच नाही, मग रोज दीड जीबीचे पैसे कशाला भरायचे? आई-बाबांना निघायच्या आठवड्यात हाच मारून द्या. मध्ये लक्षात ठेवायची कटकट नाही.

दुसरं, इंटरनॅशनल रोमिंग. ते मुळात बंद असतं, कंपनीच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करून घ्यावं लागतं. रोमिंगचा पॅक घ्यायलाच हवा असं दर कंपनीत नसतं, पण सेवा सुरू हवी. परदेशात येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते फोन उचलला, केला किंवा एसएमएस पाठवला तर. त्यामुळे पुण्याहून फोन वाजला तर वाजू द्यायचा आणि व्हॉट्सॲपवरून उलट करायचा. जाण्याआधी ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंगही काढून टाका.

तिसरं, फोनमधली सेटिंगं. इथे भलेभले चुकतात. दोन्ही सिमं चालू ठेवायची, पण डेटासाठी ईसिम निवडायचं. इकडच्या सिमचं डेटा रोमिंग बंद आणि ईसिमचं डेटा रोमिंग चालू. हे उलटं वाटतं, म्हणून लोक "रोमिंग म्हणजे खर्च" असं समजून दोन्हीकडे बंद करतात आणि मग ईसिम कंपनीला शिव्या घालतात. प्रवासी ईसिम बहुतेक वेळा त्या देशाचं नसतंच. ते कुठल्यातरी तिसऱ्या देशातल्या कंपनीचं असतं आणि सगळीकडे रोमिंगवरच चालतं. आयफोन असेल तर "सेल्युलर डेटा स्विचिंगला परवानगी" हा खटका न विसरता बंद करा, नाहीतर ईसिमची रेंज गेली की फोन गुपचूप इकडच्या सिमवरून डेटा ओढतो. आयमेसेज आणि फेसटाइम सुरू होतानाही आयफोन इकडच्या नंबरावरून परदेशी नंबराला एक एसएमएस पाठवतो. फ्रँकफर्टला उतरल्यावर मी कुणालाही मेसेज केला नव्हता, तरी बिलात एक आंतरराष्ट्रीय एसएमएस होता. दोन तास भांडलो आणि मग कळलं की आपल्याच फोनचा उद्योग.

लेकीकडे_निघाले · सोमवार, सकाळी ६.३०

मी जुलैत मेलबर्नला लेकीकडे जाते आहे, चार महिने. वय ६८, त्यामुळे प्रश्न बाळबोध असतील तर समजून घ्या. माझा फोन ईसिम घेतो की नाही हे कसं कळायचं? आणि घरात एक जुना बटणांचा फोन आहे. त्यात पुण्याचं सिम टाकून बरोबर नेलं, फक्त बँकेचे मेसेज यायला, तर? स्मार्टफोनमध्ये मग तिकडचंच सिम राहील. दोन वेगळे फोन असले की माझा गोंधळ होणार नाही.

बाणेर_ते_बर्लिन · सोमवार, सकाळी ९.१०

मावशी, फोन करायच्या पाटीवर *#०६# दाबा. आयएमईआयच्या (फोनच्या ओळखक्रमांकाच्या) बरोबर ईआयडी नावाचा ३२ आकडी नंबर दिसला तर ईसिम चालतं. नाही दिसला तर नाही. आयफोन २०१८ च्या एक्सएस-एक्सआरपासून पुढचे घेतात, अँड्रॉइडमध्ये महागड्या फोनांत असतं, पंधरा-वीस हजारांतल्या बऱ्याच फोनांत नसतं.

बटणांच्या फोनची कल्पना छान आहे, पण मेलबर्नला चालायची नाही. ऑस्ट्रेलियात २जी केव्हाच गेलं, ३जी सुद्धा २०२४ च्या शेवटी बंद झालं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी २०२२ मध्येच गुंडाळलं. जुना फोन तिथे नुसता टॉर्च म्हणून उपयोगी. ४जीवर कॉल करणारा बटणफोन असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या फोनमध्ये दोन सिमांची जागा असेल तर एकात पुण्याचं, दुसऱ्यात मेलबर्नचं, आणि पुण्याच्या सिमला डेटा बंद. एवढं लेकीकडून पहिल्या दिवशी करून घ्या आणि मग त्या सेटिंगमध्ये जायचंच नाही.

लेकीकडे_निघाले · सोमवार, सकाळी ९.३१

दिसला! ३२ आकडे मोजले पण. टॉर्च वाचून हसले.

कसब्याची_सून · सोमवार, दुपारी १२.४५

आम्ही टोरांटोत. आमची सोय निराळी आहे. नवऱ्याचं पुण्याचं सिम सासूबाईंकडे, कसब्यातल्या घरी, फ्रिजवरच्या एका जुन्या फोनमध्ये. ओटीपी आला की त्या वाचून दाखवतात. चार वर्षं झाली, रोमिंगचा एक पैसा दिलेला नाही.

अडचण वेळेची. आमची रात्र ती त्यांची सकाळ, म्हणून बँकेची सगळी कामं आमच्याकडे रात्री दहानंतर. आणि सासूबाईंना मेसेज पहिल्या अक्षरापासून वाचायची सवय. "प्रिय ग्राहक" पासून सुरू. मग रक्कम, मग "हा ओटीपी १० मिनिटं वैध आहे" मधला १० आधी, मग "कुणालाही सांगू नका". इथे थांबून त्या दर वेळी विचारतात, "तुला सांगू ना रे?" आणि मग आकडे.

सदाशिव३० · सोमवार, दुपारी १२.५८

सासूबाईंना बँकेत नोकरी द्या.

निवृत्त_कॅशियर · सोमवार, सायंकाळी ७.२०

हसू आलं, पण ३४ वर्षं काउंटरवर बसलेला माणूस म्हणून सांगतो, ही सोय मोडा. सासूबाईंवर अविश्वास नाही. पण उद्या कुणी "मी बँकेतून बोलतोय" म्हणून त्याच फोनवर फोन केला तर त्या तितक्याच प्रेमाने "प्रिय ग्राहक" पासून वाचतील.

शिवाय सिम पुण्यात आणि ॲप टोरांटोत, असं आता चालत नाही. यूपीआयची नोंदणी करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जातो आणि खातं त्या फोनला, त्या सिमला बांधलं जातं. एकदा नोंदणी झाली की इंटरनेट कुठलंही चालतं, परदेशी ईसिमचं असो वा हॉटेलचं. पण सिम काढलं की बऱ्याच बँकांची ॲप हटून बसतात, पुन्हा नोंदणी मागतात, आणि त्यासाठीचा एसएमएस इकडच्या सिमवरूनच जावा लागतो. म्हणजे रोमिंग हवं आणि खात्यात थोडे पैसेही हवेत. धागाकर्त्यांच्या आईंचं सिम काढून ठेवलं तिथे हाही एक घोळ झाला असता, त्या यूपीआय वापरत नसाव्यात म्हणून वाचल्या. २८ नोव्हेंबर २०२५ ला तर दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲप, टेलिग्रामसारख्या ॲपनाही नोंदणीचं सिम फोनमध्ये असल्याशिवाय चालू नये असा निर्देश दिला. सगळं त्याच दिशेने चाललंय. सिम फोनमध्येच ठेवा.

टोरांटोकरांसाठी आणखी एक. तुम्ही तिकडे स्थायिक झालात तर इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथलं खातं) करून घ्यायला हवं, फेमाचा म्हणजे परकीय चलन कायद्याचा नियम आहे. चार वर्षांत केलं नसेल तर करा. एनआरई-एनआरओ अशा अनिवासी खात्यांना परदेशी नंबरावर यूपीआय वापरायची मुभा जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांसाठी आली, त्यात कॅनडा आहे. तुमची बँक ते देते का, विचारा. म्हणजे फ्रिजवरचा फोन उतरवता येईल.

आणि सगळ्यांनीच बँकेत ईमेल नोंदवा. बऱ्याच बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात. आधारचा मात्र नोंदवलेल्या भारतीय मोबाईलवर येतो, त्याच्यासाठी तरी नंबर जिवंत ठेवा. आयकराचं विवरणपत्र परदेशात बसून भरणार असाल तर ते नेट बँकिंगमधूनही पडताळता येतं. आधार ओटीपीवाचून अडत नाही.

कसब्याची_सून · सोमवार, रात्री १०.१५

एनआरओचं तेवढं राहिलंय काका. 🙈 या डिसेंबरात पुण्यात आलो की पहिलं तेच.

हडपसरचा_गडी · मंगळवार, सकाळी ८.०५

माझी चूक कुणी करू नये म्हणून लिहितो. सिंगापूरला ऑफिसचं काम. निघायच्या आदल्या संध्याकाळी डोक्यात आलं की इकडचं सिमही ईसिम करून टाकू, म्हणजे खाचेत तिकडचं सिम घालता येईल. ॲपवरून अर्ज केला, अर्ध्या तासात ईसिम चालू, खूश. रात्री हॉटेलचं बुकिंग करायला बसलो तर ओटीपी येईना. दहा वेळा मागवला. कार्ड कुलूपबंद.

सिम बदललं, मग ते प्लास्टिकचं असो की ईसिम, की २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. सिम चोरून बँक रिकामी करणाऱ्यांना अटकाव म्हणून २०२२ मध्ये हा नियम आला. चांगलाच आहे, पण माझ्या बाबतीत लोहगाव विमानतळाच्या रांगेत उभा असताना लागू होता. बायकोच्या कार्डावर बुकिंग केलं, ते ती अजून ऐकवते. शिवाय जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्टही करता (दुसऱ्या कंपनीकडे नेता) येत नाही. काय बदलायचं ते पंधरा दिवस आधी बदला.

बाणेर_ते_बर्लिन · मंगळवार, सकाळी ९.२२

+१. माझं मत तर असं की इकडचं सिम प्लास्टिकचंच ठेवावं आणि प्रवासाचं ईसिम घ्यावं. तिकडे फोन पडून फुटला तर प्लास्टिकचं सिम काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घालता येतं. ईसिम नव्या फोनवर आणायला ओटीपी लागणार, आणि तो येणार फुटलेल्या फोनवर. अपवाद, उदाहरणार्थ, अमेरिकेत घेतलेला आयफोन १४ किंवा पुढचा. त्यात सिमची खाचच नसते, तिथे दोन्ही ईसिमच.

भटकभवानी · मंगळवार, दुपारी ३.५०

नंबराबद्दल सगळे लिहिताय, मी ईसिमबद्दल थोडं लिहिते. जपान, तुर्की आणि चीन केलंय.

घरच्या वायफायवर बसून ईसिम आधीच फोनमध्ये घालून ठेवायचं. आमच्या जपानच्या गटात एक काका क्यूआर कोड फोनमध्येच घेऊन आले होते आणि नारिताला विचारत होते, "हा माझ्याच फोनने माझ्याच फोनवर कसा स्कॅन करू?" शेवटी त्यांच्या फोनवरचा कोड काकूंच्या फोनवर पाठवून तिथून स्कॅन केला. तोही विमानतळाच्या वायफायवर, आणि गट बसमध्ये ताटकळत. मुदत कधी सुरू होते तेही बघा. काहींची फोनमध्ये घातल्या क्षणी, काहींची तिकडचं नेटवर्क पकडल्यावर. एकदा घातलेलं ईसिम पुसू नका, तोच कोड बहुतेक वेळा पुन्हा चालत नाही.

तुर्कीला जाणार असाल तर आधीच घेणं सक्तीचं समजा. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने मोठ्या ईसिम कंपन्यांच्या साइट बंद केल्या, त्यांचं ईसिम तिथे उतरून घेता येत नाही. चीनमध्ये गंमत उलटी. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप, गूगल काहीच नाही, पण हाँगकाँगमार्गे जाणाऱ्या प्रवासी ईसिमवर सगळं चालू. कारण रोमिंगवाल्याचा डेटा आधी त्याच्या मूळ देशात जातो. तोटा असा की शांघायमध्ये बसून बँकेला तुम्ही हाँगकाँगमध्ये दिसता, आणि बँकेचं ॲप बिचकतं.

आणि हे प्रवासी ईसिम बहुतेक फक्त डेटाचं असतं, तिकडचा नंबर मिळत नाही. हॉटेलवाल्याला नंबर हवा असेल तर पुण्याचाच द्यावा लागतो.

सदाशिव३० · मंगळवार, रात्री ८.३०

जरा गंभीर लिहितो, सवय नाही. परदेशी सिम किंवा ईसिम भारतात विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन ॲप याच कारणाने भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढायला लावली होती. घेताना पासपोर्ट, व्हिसा मागणाऱ्यावर चिडू नका, तो नियमाने चाललाय. काहीच न मागता विकणाऱ्याचीच शंका घ्या.

आणि धागाकर्ते, सहा महिन्यांसाठी प्रवासी ईसिम हा मूर्खपणा आहे. आठ-दहा दिवसांना ठीक. सहा महिने राहायचं तर तिकडच्या पोरांच्या प्लॅनवर एक लाइन घ्या.

वेताळटेकडी · मंगळवार, रात्री ९.१५

तेच केलंय या वेळी. ताईचा प्लॅन, आणि पहिल्या आठवड्यापुरतं ईसिम फक्त बाबांना. आईला वर्षभराचा कॉल-एसएमएसचा पॅक मारला, रोमिंग सुरू केलं, ईमेल नोंदवला. एअरटेलने एप्रिल २०२५ मध्ये ४,००० रुपयांचा वर्षभराचा पॅक काढला होता, तिकडचा ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटंही त्यात. तोही बघितला, पण आईला त्या डेटाचा उपयोग नाही. आईचा फोनही बदलला, ईआयडी मोजून घेतला. तिच्या हातात पिनांची डबी दिसली की मी घरभर ओरडतो.

निवृत्त_कॅशियर · मंगळवार, रात्री ९.४०

जुन्या बंद झालेल्या नंबराकडेही एकदा लक्ष द्या. असा नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, नंतर देतात. तुमच्या आईंचा आता कुणाकडे तरी गेला असेल. म्युच्युअल फंड, एलआयसी, डीमॅट, जिथे जिथे जुना राहिलाय तिथून काढा, नाहीतर त्यांच्या पेन्शनचे मेसेज तो माणूस वाचेल.

वेताळटेकडी · मंगळवार, रात्री ९.५५

गेलाय. मागच्या महिन्यात मी लावून पाहिला. चाकणकडचा एक मुलगा आहे. म्हणाला, "दादा, रोज दोन-तीन बायांचे फोन येतात, बाई आहेत का विचारतात." आईच्या विद्यार्थिनी. त्याला आईचा नवा नंबर दिला, तो बिचारा सगळ्यांना सांगतो.

वेताळटेकडी · १९ दिवसांनी

अपडेट. काल दोघं नेवार्कला पोहोचले. विमानातून उतरल्या उतरल्या आईच्या फोनला तिकडचं नेटवर्क मिळालं आणि पुण्याचा पहिला मेसेज धडकला. महावितरणचा. इमिग्रेशनच्या रांगेतून तिने व्हॉट्सॲप केला, "बिल आलंय, १४ तारखेच्या आत भर. आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलंस का?"

सदाशिव३० · १९ दिवसांनी

घातलंत का?